वसुलीवरचा पक्षिनिरीक्षक

माझे साडू गेल्या वर्षी कोलंबियाला जाऊन आले. पोरगा तिथं नोकरीला नाही, पोरगी तिथं दिलेली नाही, कोणतं तीर्थही तिथं नाही. निव्वळ पक्षी बघायला गेले. दिवाळीनंतर आम्ही पुण्याला त्यांच्याकडं गेलो, तेव्हा फराळाच्या ताटासोबत टीव्हीवर कोलंबियाही वाढण्यात आला. चकली संपली, चिवडा संपला, शंकरपाळ्यांच्या डब्याचा तळ दिसला, तरी कोलंबिया संपेना. जगात सगळ्यात जास्त जातींचे पक्षी त्या एका देशात आहेत, एकोणीसशेच्या वर. ते सगळे रांगेनं साडूंसमोर येऊन फोटो काढून गेले असावेत, असं मला चिवडा संपेपर्यंत वाटू लागलं होतं.

“हे कशामुळं? तर अधिवासांचं वैविध्य!” साडू पडद्यावर रिमोट रोखून म्हणाले. “अँडीजचे डोंगर, ॲमेझॉनचं जंगल, दोन अंगांना दोन समुद्र. प्रत्येक अधिवासाचा पक्षी वेगळा.”

आमच्या परभणीत ‘अधिवास’ हा शब्द झेरॉक्सच्या दुकानात ऐकू येतो. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व असा एक दाखला असतो, तो पोरांच्या ॲडमिशनला लागतो आणि त्याच्या तीन प्रती काढाव्या लागतात. पक्ष्यांनाही तो लागतो, हे मला नवीन होतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण साडूंनी टीव्ही बंद करता करता सहज विचारलं, “दादा, तुमच्याकडं परभणीला काय दिसत असेल? कावळे?”

परभणीच्या माणसाला तुम्ही ऊन म्हणा, धूळ म्हणा, आठव्या-दहाव्या दिवशी येणारं नळाचं पाणी म्हणा, त्याला राग येत नाही. तुम्ही म्हणायच्या आत तोच म्हणून मोकळा होतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ या दोन्ही म्हणी आम्ही एकाच तोंडानं म्हणतो. कोणती कधी म्हणायची, हे चहा झालाय की व्हायचाय यावर ठरतं. पण कावळे? आणि तेही साडूंनी, मेहुणीसमोर?

“जानेवारीत या,” मी म्हणालो. “तीन दिवस काढून या. दाखवतो.”

परतीच्या गाडीत बायकोनं विचारलं, “काय दाखवणार आहात?” मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर अंधार होता.

आता माझा नि पक्ष्यांचा संबंध सांगायला हवा. मी एका बँकेत होतो. कोणत्या, ते सांगत नाही. ती पुढं दुसरीत विलीन झाली, दुसरी तिसरीत, आणि आता तिचं तिलाही आठवत नसेल. माझ्याकडं बरीच वर्षं पीककर्जाची वसुली होती. पक्षिनिरीक्षणाचं जे काही शिक्षण मला मिळालं ते या नोकरीत मिळालं आणि त्याची फी बँकेनं भरली.

कारण दोन्हीकडं विद्या एकच आहे. थकबाकीदार गाठायचा तर उजाडायच्या आत गाठावा लागतो. उन्हं चढली की तो दाट झाडोऱ्यात शिरतो. फटफटी गावाबाहेर बंद करून पायी जावं लागतं. कपडे मातकट रंगाचे हवेत. थेट त्याच्याकडं बघायचं नाही, दुसरीकडंच बघतोय असं दाखवत तिरकं तिरकं जवळ सरकायचं. प्रत्येकाचं एक अंतर ठरलेलं असतं. तोवर तो स्वस्थ बसतो, तुमच्याशी रामरामही करतो; ते अंतर तुम्ही ओलांडलं की गेलाच. आणि माळावर जशी टिटवी असते, तसा प्रत्येक गावाच्या पारावर एक पोरगा असतो. त्याची अंडीही तिथं नसतात आणि पिल्लंही नसतात, पण तुम्ही दिसलात की तो बोंबलून सगळा माळ जागा करतो: “ब्यांक आली, ब्यांक!”

बँक येऊन बघते तर घराला कडी. मग करायचं काय? लिंबाखाली बसायचं. परतीची घाई करून उपयोग नसतो, कारण लवकर परतलात तर साहेब म्हणणार, गेलाच नव्हता. असा बसलो असताना पहिल्यांदा वेडा राघू बघितला. तारेवरून उठायचा, हवेत माशी धरायचा, पुन्हा त्याच तारेवर त्याच जागी येऊन बसायचा. मला वाटलं, आपल्यापेक्षा याची वसुली बरी. त्या फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात मी एक दुर्बीण घेतली. तिच्या एकाच डोळ्यातून दिसायचं. पण वसुलीला जाणाऱ्यानं एक डोळा बंदच ठेवायचा असतो.

वहीही ठेवली. एका पानावर बाकी, दुसऱ्या पानावर पाखरं. उदाहरणार्थ, गंगाखेडच्या खालच्या अंगाला, जिथं बालाघाटाच्या सोंडा उतरतात, तिथल्या एका माळावरच्या गावाला मी १९९८ ते २००१ अशी तीन वर्षं एकाच खातेदारासाठी जात होतो. खातेदार एकदाही दिसला नाही. पण भोरड्यांचे थवे असे दिसायचे की बोलायची सोय नाही. भोरडी म्हणजे गुलाबी मैना. मध्य आशियातून ती आमचा जोंधळा खायला येते, आणि पाचशेच्या खाली येतच नाही. वहीत तीन वर्षांत किमान वीस वेळा एक नोंद आहे: ‘अकराच्या सुमारास थवा एकदम उठला. कारण – शिक्रा?’ प्रत्यक्ष शिक्रा मला दिसला नव्हता. पण शिक्राच असणार. दुसरं काय असणार? राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळायला सुरुवात झाली, पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची आणि बारा सालिम अलींच्या, तेव्हापासून मी दरवर्षी शाळांमधून या शिक्र्यावर बोलत आलो आहे. ‘दबा धरून बसणारा अदृश्य शिकारी’ असं मी त्याचं वर्णन करतो. पोरं टाळ्या वाजवतात.

सालिम अलींचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. पत्नी तहमिना सोबत होत्या. पगार नको, हिंडण्याफिरण्याचा खर्च तेवढा द्या, अशा बोलीवर ते गृहस्थ हे काम करायला निघाले होते. परभणी तेव्हा त्याच संस्थानातला जिल्हा. हे मी मोठ्या अभिमानानं घरी सांगितलं. बायको म्हणाली, “म्हणजे बिनपगारी माणूस पाखरं बघत हिंडायचा आणि बायकोलाही हिंडवायचा. यात नवीन काय सांगितलंत?”

जानेवारीत साडू आले. गाडीतून उतरले तेव्हा फलाटावरचे हमालही दोन पावलं मागं सरले. अंगात पानाफुलांच्या छापाचं हिरवं जाकीट, तशीच पँट, तशीच टोपी, आणि गळ्यात हातभर लांबीचा कॅमेरा. त्यालाही तसंच हिरवं आंगडं घातलेलं. म्हणे, या कपड्यात माणूस जंगलात दिसत नाही. खरं असेल. पण परभणी जिल्ह्यात जंगल इतकं थोडं आहे की आमच्या काळ्या रानात ते हिरवं जाकीट दोन कोसांवरून दिसत होतं. पुढचे तीन दिवस जिल्ह्यात कुणाला लपता आलं नसेल, तर ते साडूंना.

पहिल्या दिवशी पहाटे कृषी विद्यापीठाच्या रानात गेलो. १९७२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ म्हणजे आमची अँडीज आणि ॲमेझॉन दोन्ही. ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या जाती इथल्याच. ‘परभणी क्रांती’ही इथलीच, पण ती भेंडी आहे. आमच्याकडं क्रांती झाली ती भेंडीत, आणि तीही पिवळा मोझॅक येऊ नये म्हणून.

थंडी अशी की दुर्बिणीवर वाफ धरत होती. प्रयोगाच्या ज्वारीत कणसांना कागदी टोप्या घातलेल्या असतात, परपराग लागू नये म्हणून. साडूंनी टोप्यांच्या त्या रांगा बघून विचारलं, “यांना थंडी वाजते?” मी हो म्हणालो. तारेवर कोतवाल बसला होता, बांधावर तित्तर ओरडत होता, भांगपाडी मैना नावाला जागून नीट केस चापून हिंडत होती. साडू पालथे पडले, श्वास रोखला, कॅमेरा रोखला, आणि त्याच क्षणी राखणदारानं पत्र्याचा डबा बडवला. सगळं आकाशात. राखणदाराचं काही चुकलं नाही. त्याला पगार पक्षी उडवण्याचाच मिळतो, आणि साडूंना तो डोळ्यांसमोर काम करून दाखवत होता.

तिथून जिंतूरमार्गे येलदरीला निघालो. गाडी भाड्याची. ड्रायव्हर पोरगा विशीतला. त्याचं पक्षिशास्त्र फार सुटसुटीत होतं. सगळ्या पाखरांचे त्यानं दोनच वर्ग केले होते: ग्वाड आणि उग्र. साडूंनी ओरडून गाडी थांबवावी, दुर्बीण लावावी, “लावा! लावा!” म्हणावं, आणि पोरानं स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणावं, “लई ग्वाड.” साडूंनी त्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा समजावून सांगितला, कलमं सांगितली, शिक्षा सांगितली. पोरानं ऐकून घेतलं. म्हणाला, “मी न्हाई खाल्लं सायेब. आज्यानं खाल्लं. बहात्तरच्या आदी.”

येलदरी धरण पूर्णा नदीवर आहे. पाणी लांबवर पसरलेलं, पैलतीर धुक्यात. साडूंचा चेहरा प्रथमच जरा उजळला. त्यांनी तिवई मांडली, मोठी दुर्बीण चढवली आणि पाण्याच्या मध्यावरचे पांढरे ठिपके न्याहाळायला सुरुवात केली. पाणपक्षी बघणं ही ठिपक्यांची विद्या आहे. ज्याला ठिपका ठिपकाच दिसतो तो अडाणी. ज्याला त्या ठिपक्याच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दिसतात तो तज्ज्ञ.

“पट्टकादंब!” साडू कुजबुजले. “हिमालय ओलांडून येतात, दादा. तेवीस… चोवीस… एका ओळीत पोहतायत बघा. शिस्त बघा!”

आम्ही अर्धा तास शिस्त बघितली. साडूंनी वहीत चोवीस आकडा घातला, दिशा लिहिली, वाऱ्याचा वेग लिहिला. मग थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून एक मासेमार वल्हवत आला आणि त्यानं एकेक पट्टकादंब मान धरून उचलून तराफ्यावर टाकायला सुरुवात केली. जाळ्याला बांधलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. शिस्त त्यामुळंच होती.

तो काठाला आला, तेव्हा साडूंनी विषय बदलावा म्हणून त्याला विचारलं, “काय हो, इथं रोहित येतात का?”

“येतात की,” तो म्हणाला.

साडूंचे डोळे चमकले. “कधी?”

“आजच घावलेत. दोन-दोन किलोचे हायेत.”

रोहित आणि रोहू यांत फरक आहे, हे साडूंनी त्याला पाच मिनिटं सांगितलं. उंच असतो, गुलाबी असतो, एका पायावर उभा राहतो. मासेमार शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “गुलाबी तर ह्योबी हाये. उभा तेवढा ऱ्हाईना.” आम्ही दीड किलो घेतला. रात्री बायकोनं तो तळला. साडूंच्या वहीत त्या दिवशी सर्वांत सविस्तर नोंद त्याचीच आहे.

मराठी पक्ष्यांच्या नावांनी तीन दिवसांत अशी बरीच गंमत केली. दुसऱ्या दिवशी गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर साडूंनी एका म्हाताऱ्या गुरुजींना विचारलं, “इथं वारकरी दिसतात का?” जनाबाईच्या गावात, भर घाटावर, हा प्रश्न. गुरुजींनी साडूंना टोपीपासून बुटापर्यंत बघितलं. “दिसतात,” म्हणाले. “तुम्हाला किती पाहिजेत?” साडू म्हणाले, शे-दोनशेचा थवा असेल तर बरं. काळे असतात, कपाळावर पांढरा टिळा असतो. “टिळा बुक्क्याचा असतो, काळा,” गुरुजी म्हणाले. “आणि थवा नसतो, दिंडी असते. आषाढात या.” पलीकडं पाण्यात खरोखरच शंभरेक वारकरी पाखरं टिळे लावून तरंगत होती, पण गुरुजींना ती दाखवायचा धीर दोघांनाही झाला नाही.

मला विचाराल तर या नावांमध्येच आमचा कोलंबिया आहे. सुतार, शिंपी, तांबट, धोबी, खाटीक, कोतवाल, धीवर. कावळ्यात कुंभार आणि चंडोलात डोंबारी. गावातून बलुतेदार कधीच पांगले. सुतार पुण्यात फर्निचरच्या दुकानात आहे, शिंप्याचं दुकान रेडिमेडनं खाल्लं, तांबटाची आळी फक्त पत्त्यात उरली. झाडावर मात्र अख्खं गाव आहे तसं नांदतंय. खाटीक तर अजून रोज दुकान मांडतो. टोळ, सरडे मारून बाभळीच्या काट्यांना ओळीनं अडकवून ठेवतो. उधारी नाही. चितमपल्लींनी अशी नावं शोधत, जमवत ‘पक्षिकोश’ केला. त्यांची सगळी नोकरी वनखात्यात गेली, आणि नंतर २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. माझी नोकरी वसुलीत गेली. मी अध्यक्ष सोसायटीचाही झालो नाही. असो.

गंगाखेडहून खाली माळावर गेलो ते दुपार कलताना. हा तोच माझा माळ. मुरमाड जमीन, गुडघाभर वाळलेलं कुसळी गवत, मधूनच बाभळ. इथं साडू पहिल्यांदा गप्प झाले. भोवत्या पंख उचलून गवतावरून इतका खालून तरंगत गेला की त्याची सावली त्याला चिकटून चालली होती. तो कझाकस्तानकडून येतो, दाखला न काढता. मग धाविक दिसला. हा पक्षी चार पावलं तुरुतुरु पळतो, थांबतो, मान वर करून विचार करतो, पुन्हा चार पावलं. हप्त्यानं कर्ज फेडणारे असेच असतात. साडूंनी तिवई मांडली, कॅमेरा चढवला, एक डोळा मिटला. मी वही काढून आकडे मांडायला लागलो.

दहा मिनिटांनी मान वर केली, तर आमच्याभोवती चाळीस माणसं उभी होती. माळावर चाळीस माणसं कुठून उगवतात, हे मला नोकरीत कधी कळलं नाही. मला एक सापडत नसे.

आता हे चित्र त्यांच्या बाजूनं बघा. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जाणार आहे. जमीन जाणार म्हणून गावोगाव लोक हैराण आहेत, मोजणीला विरोध आहे. अशा दिवसांत एक हिरव्या जाकिटातला परगावचा माणूस तीन पायांचं यंत्र माळावर रोवून एक डोळा मिटून बघतोय आणि दुसरा वहीत आकडे घालतोय.

“कशाची मोजणी करायलाव?” एकानं विचारलं.

“पक्षी,” साडू म्हणाले. “आम्ही पक्षी मोजतो.”

“कोन्त्या पक्षाचे?” मागून आवाज आला. हा विनोद महाराष्ट्रात प्रत्येक पक्षिनिरीक्षकाला दर जिल्ह्यात एकदा ऐकावा लागतो. फरक इतकाच की विचारणारा विनोद करत नव्हता.

“पक्षी हो, पाखरं!” साडूंनी हातांचे पंख करून दाखवले.

“पाखरं मोजायला पुण्याहून कोन येतंय?” हा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर मलाही देता येत नव्हतं. साडूंनी कॅमेऱ्यातले फोटो दाखवायला सुरुवात केली. दुर्दैवानं कार्डावर आधी कोलंबिया होता. “हे कुटलं रान?” “कोलंबिया.” “तितंबी रोड करायलेत का?” गर्दी सरकत सरकत जवळ आली. कुणीतरी तिवईला हात घातला. साडूंनी माझ्याकडं बघितलं. परदेशात त्यांच्यावर हत्ती चालून आला होता, तेव्हाचा फोटो मी बघितला आहे. त्यातही ते इतके पांढरे दिसत नव्हते.

तेवढ्यात गर्दी चिरत एक म्हातारा पुढं आला. धोतर, मुंडासं, हातात कुऱ्हाडीचा दांडा. त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं, मग मागं वळून सगळ्यांना सांगितलं, “आरं सोडा त्यान्ला. हे मोजनीवाले न्हाईत.”

मी सुटकेचा श्वास सोडला.

“हे वसुलीवाले हायेत,” म्हातारा म्हणाला.

मी शपथेवर सांगतो, भोरड्यांचा थवासुद्धा इतक्या झटकन उठत नाही. चाळीसातले पंचवीस बाभळींमध्ये विरघळून गेले. उरलेले पंधरा बहुधा दुसऱ्या बँकेचे होते.

म्हातारा जागचा हलला नाही. हसत होता. “वळकलं का सायेब?”

मी ओळखलं नाही, कारण मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. त्यानं नाव सांगितलं, आणि माझ्या डोक्यात लेजरचं पान उघडलं. खातं नंबरासकट. हाच तो, तीन वर्षं घराला कडी असलेला.

“आता भ्यायचं काम न्हाई,” तो म्हणाला. “दोन हजार आठच्या माफीत माजं नाव आलं. तुमाला सांगाया मी सोता ब्यांकेत आल्तो. पर तुमची बदली झाल्ती.” म्हणजे तो एकदा मला भेटायला आला, तेव्हा कडी माझ्या दाराला होती. मला एकदम काय बोलावं ते सुचेना. ती तीन वर्षं त्याच्या रानात काय पिकलं होतं आणि काय नव्हतं, हे लिंबाखाली बसून मी कधी विचारलं नव्हतं. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

“पाखरंच बगायची तर उद्या सकाळी या,” तो म्हणाला. “शेततळ्यावर पखुर्ड्या येत्यात. सव्वानऊला.”

साडूंनी पुणेरी शंका काढली: सव्वानऊला म्हणजे साधारण नऊ ते दहा? म्हातारा म्हणाला, “सव्वानऊ म्हंजी सव्वानऊ. यष्टी न्हाई ती.”

तिसऱ्या दिवशी आम्ही साडेआठलाच हजर. त्यानं कडब्याची गंज आडोशाला करून ठेवली होती, पुढ्यात गोवऱ्यांची आगटी पेटवली होती आणि हुरडा भाजत होता. माझ्या आयुष्यात कोणत्याही खातेदारानं माझी अशी वाट बघितली नाही. लसणाची चटणी, गूळ, हातावर चोळलेला गरम हुरडा. साडूंच्या जाकिटावर राख पडली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ते माळाच्या रंगाचे झाले.

नऊ वाजून चौदा मिनिटांनी लांबून आवाज आला. मग वाळूच्या रंगाचे पक्षी वेगानं आले, तळ्यावर एक घिरटी घातली आणि काठावर उतरले. चौदा होते. मातीत बसले की मातीच दिसत होती. फक्त पाण्याकडं सरकली की कळायचं. पाणी पिऊन होताच एक नर काठाशी बसकण मारून पोट भिजवू लागला.

साडू कानात बोलले, “दादा, नर पोटाची पिसं अशी भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो. मैलोगणती. जगात असा बाप दुसरा नाही!”

आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावातला मी बाप आहे. घागर, कॅन, हंडे घेऊन कुठून कुठून पाणी आणलंय, ते मी साडूंना सांगितलं नाही. बोललो तर पाखरं उडतील असं खुणेनं दाखवलं. साडूंनी फोटो मात्र एकच काढला. बाकी वेळ कॅमेरा मांडीवर ठेवून नुसते बघत बसले होते, तोंडात हुरडा तसाच धरून. तेवीस मिनिटांनी पखुर्ड्या गेल्या. साडूंनी घड्याळ बघितलं, वही उघडली, आणि तीन दिवसांचा आकडा सत्त्याऐंशी भरला म्हणून सांगितलं. त्यात कावळे धरलेत का, असं मी विचारलं. ते म्हणाले, धरलेत. दोन जातींचे.

मग मलाही चेव आला. मी माझी जुनी वही सोबत आणली होती. साडूंना तिच्यातलं १९९९ चं पान दाखवत होतो. भोरड्या किती, दिशा कोणती, वेळ काय. आणि हे बघा, म्हटलं, शिक्र्याचं. अकराच्या ठोक्याला थवा उठायचा. एकदा नाही, वीसदा. दबा धरून बसणारा अदृश्य…

म्हातारा हुरडा चोळता चोळता थांबला. “किती वाजता म्हनलाव?”

“अकरा.”

तो गालात हसायला लागला. “सायेब, तुमी आल्यावर फटफटी लिंबाखाली लावायचा. मंग रुमाल झटकायचा. दोन हाका मारायचा. मंग ते यंतर डोळ्याला लावून जे बसायचा ते बसायचाच. आमी त्या तितं, बाभळीत. पोटात भाकर न्हाई, लघवीला उठाया न्हाई. तुमचं आपलं चाललंय पाखराकडं बगनं. मंग धाकल्यानं एकदा बगितलं, की पाखरं उडाली की सायेब उठतंय.” त्यानं डोक्यावरून हात गरागरा फिरवून दाखवला. “मंग आमी गोफनच ठिवली तितं. अकरापत्तुर दम काडायचा, आन्‌ द्यायचा एक गोटा हानून भोरड्यात. भोरड्या गेल्या का तुमीबी गेलाव.”

साडूंच्या तोंडातला हुरडा उडाला. ते कडब्यात तोंड खुपसून हसत होते. ते हसू आम्हा तिघांनाही बराच वेळ आवरेना. मी वही मांडीवर घेतली, पेन काढलं आणि त्या पानावरच्या ‘शिक्रा?’वर काट मारली. बाकीची एकोणीस पानं घरी जाऊन दुरुस्त करायची होती, आणि नोव्हेंबरात शाळेतल्या पोरांना काय सांगायचं, हा प्रश्न वेगळाच होता.

“मग इथं काय लिहू?” मी विचारलं.

“खरं ते ल्ह्या,” म्हातारा म्हणाला. “थकबाकीदार ल्ह्या. दोन म्होटे, एक धाकला.”